दादाच्या श्वासाची वही

सूनबाई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, चार डॉक्टर झाले, चार फायली झाल्या, आणि बाबांना आंघोळ करून बाहेर येईपर्यंत धाप लागतेच आहे." फोन ठेवला, पण मला झोप लागली नाही. 32 वर्षं छातीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, शेकडो घरांना समजावून पाठवलं, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या घरी तू एकटी धावते आहेस. मला यायला अजून आठवडा आहे. तोवर जे समोर बसून सांगणार होते ते लिहून पाठवते. दुपारी सगळे झोपले की वाच.

आधी एक 200 पानी वही आण, पुठ्ठ्याची. का, ते माझ्या घरचं सांगितल्याशिवाय तुला पटायचं नाही.

यांना तरुणपणापासून दमा होता, पण पंपावर छान आटोक्यात. निवृत्तीनंतर काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, डोळ्यातला दाब उतरला, आम्ही निश्चिंत झालो. दोनेक आठवड्यांनी रात्री उठून बसायला लागले. छातीच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या वाढवल्या. त्या गोळ्यांनी साखर चढली, म्हणून साखरेच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी वाढवली. असे पाच आठवडे गेले. शेवटी आमच्या रुग्णालयातल्या औषध विभागातल्या मुलीने सांगितलं, घरातलं सगळं औषध पिशवीत घालून आणा. तिने पिशवी टेबलावर उलटी केली आणि ती इवलीशी बाटली उचलून वाचली. टिमोलोल. हे औषध डोळ्यात टाकलं तरी नाकावाटे रक्तात उतरतं आणि दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळतं. थेंब बदलले आणि हे पुन्हा रात्रभर झोपू लागले.

यात एकही डॉक्टर वाईट नव्हता. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर केलं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा माहीत नव्हता आणि छातीच्या डॉक्टरांना थेंब. दोघांच्या मध्ये मी होते, शिकलेली परिचारिका, आणि मी दोघांनाही सांगितलं नाही, कारण डोळ्यांच्या थेंबांना औषध म्हणून धरावं हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या पाच आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिली गोष्ट. दर भेटीला कागद नेतेस तशी पिशवी ने. पंप, गोळ्या, थेंब, गुडघ्याची गोळी, वैद्यांचा काढा, शेजाऱ्याने दिलेलं चूर्ण, सगळं त्यात. गुडघ्याची गोळी मुद्दाम सांगते. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामकांनी जोरदार उबळ येते. आणि उलटही लक्षात ठेव. दादाला हृदयासाठी टिमोलोलच्याच गटातली गोळी चालू असेल आणि कुणी म्हणालं की ही धाप लागणाऱ्याला चालत नाही, तर स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. त्या गटातल्या काही गोळ्या सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असतानाही देता येतात, आणि हृदयाला त्यांची गरज असते. हृदयाच्या आणि छातीच्या, दोन्ही डॉक्टरांची नावं आणि नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि म्हण, "डॉक्टर, एकदा बोलून घ्याल का?" सून म्हणून संकोच वाटेल. तरी विचार. मी इतक्या वर्षांत पाहिलं, असं नीट विचारलेलं बहुतेक डॉक्टरांना आवडतं.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा दुपारी एका टेबलाभोवती सगळे बसायचे. छातीचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आम्ही परिचारिका, आहारतज्ज्ञ, औषध विभाग, समाजसेवा विभागातल्या बाई, आणि लागेल तसे नाक-कान-घशाचे किंवा मनाचे डॉक्टर. एक शिक्षिका होत्या. अवघड दमा म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन चेहरा सुजलेला, हाडं ठिसूळ झालेली. महागड्या इंजेक्शनांचा विचार चालला होता. तेव्हा फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली, "त्यांचा आवाज छातीतून येत नाही, गळ्यातून येतो, आणि श्वास आत घेताना येतो." घशाची दुर्बिणीने तपासणी झाली. श्वास घेताना स्वरयंत्राच्या पट्ट्या उघडण्याऐवजी मिटत होत्या. दमा होता, पण थोडा. बाकीचं काम वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी केलं आणि गोळ्या हळूहळू उतरवता आल्या. डॉक्टर त्यांना वर्षातून चार वेळा दहा मिनिटं बघत होते. ती मुलगी त्यांच्याबरोबर जिने चढत होती. म्हणून तिला ते ऐकू आलं.

तुमच्या तालुक्याला असं टेबल नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ते टेबल वहीत मांडायचं. प्रत्येकाला एकेक भाग दे आणि तो काय म्हणाला ते तारखेसह लिही. पुढच्या डॉक्टरने मागच्याचं पान वाचलं की निम्मी बैठक झालीच.

आता मला सांग, दादाची फुंकण्याची तपासणी झाली आहे का? तू एक्स-रे आणि रक्त म्हणालीस, स्पायरोमेट्रीचं नाव घेतलं नाहीस. एक्स-रेवरून सीओपीडी पक्का करता येत नाही. नळीत पूर्ण जोराने फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा भागिले एकूण हवा, हा आकडा पंपानंतरही 0.70 च्या खाली राहिला तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत असं धरतात. पंपाने बराच फरक पडला तर दम्याचा संशय. रोज वाटीभर बेडका पडत असेल, किंवा पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल, तर नळ्या फुगून राहिल्या आहेत का हे बघायला सीटी लागतो. तिन्हींत खोकला आणि धाप, पण उपचार वेगळे. ती तपासणी झाली नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी ती करून घे. आणि तपासणीची छापील पट्टी वहीत चिकटव. तिची शाई पुसट होते, म्हणून फोटोही काढून ठेव.

लोक म्हणतील, विडीमुळे झालं. झालंच, 30 वर्षं ओढली त्याने. पण तो विडीला हात लावायच्या आधीपासून आमच्या घरात चूल होती, आणि आई रोज सकाळी तव्यावर मशेरी भाजायची. आम्ही भावंडं त्याच धुरात अभ्यासाला बसायचो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं होतं, की कधीही न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी मोठ्या प्रमाणात होतो आणि त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. तूही माहेरी चुलीपुढे वाढलीस. दादाला घेऊन जाशील तेव्हा स्वतःही फुंकून ये. हे विनंती म्हणून नाही, सांगते म्हणून कर.

पंपाकडे येते, कारण निम्मं दुखणं तिथेच अडकतं. आमच्याकडे एक हमाल यायचे. म्हणायचे, औषध लागूच पडत नाही. कसं घेता ते दाखवा म्हटलं तर त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली आणि पाण्याने गिळली. दोन वर्षं गिळत होते. चिठ्ठीवर कॅप्सूल लिहिलेलं, दुकानदाराने कॅप्सूल दिली, तिला यंत्रात फोडून ओढायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना वाटलं दुकानदार सांगेल, दुकानदाराला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल.

दादाकडे दोन यंत्रं आहेत म्हणालीस, आणि दोन्हींची तऱ्हा उलटी आहे. पावडरीचं यंत्र जोरात आणि झपकन ओढायचं. मात्र आधी त्यात फुंकर मारायची नाही, पावडर ओली होऊन चिकटते. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून बघ. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायला लाव. फवाऱ्याचा पंप मात्र सावकाश. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबायचं आणि चार-पाच सेकंद आत घेत राहायचं, मग 10 सेकंद रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. दादाचा अंगठा संधिवाताने वाकडा झालाय, त्याला दाबणं आणि ओढणं एकत्र जमणार नाही. त्याला स्पेसर घे, तो प्लास्टिकचा फुगीर डबा. तू दाब, तो ओढेल. एका वेळी एकच फवारा. डबा धुताना साबणाच्या पाण्यात बुडव आणि हवेवर वाळव, फडक्याने पुसू नकोस. पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. स्टिरॉइडचा पंप झाला की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि मग माणूस जेवण टाकतो.

आणि कुठला पंप रोजचा आणि कुठला अडचणीचा, हे पंपावरच मार्करने लिही. बरं वाटलं की रोजचा बंद करायचा आणि अडचणीचा दिवसातून आठ वेळा मारायचा, ही सवय मी हजारदा पाहिली. दम्यात तर नुसत्या तात्पुरत्या पंपावर राहणं धोक्याचं असतं. दम्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या जीना या जागतिक गटाने 2019 पासून तसं स्पष्टच सांगितलं आहे. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, असं भावकीत कुणी बोललं तर माझ्याकडे पाठव.

फिजिओथेरपिस्टला तुम्ही अजून भेटलाच नाहीत याचं मला जास्त वाईट वाटतं. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसला की पायांचे स्नायू वितळतात, मग चार पावलांनाही जास्त धाप लागते. फुफ्फुस पूर्वीसारखं होणार नाही, पण पाय होऊ शकतात. 6 ते 8 आठवडे, आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली आणि बाकी दिवस घरी, असा व्यायाम केला की माणूस बदललेला दिसतो. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या चार आठवड्यांत सुरू केला तर उत्तम. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एकदा नीट शिकून या, पुढे घरी करा. पाण्याच्या बाटल्या उचलणं, खुर्चीतून उठणं-बसणं, ओसरीत चालणं. महाग काहीच नाही.

ओसरी दोरीने मोज आणि दर रविवारी 6 मिनिटांत दादा किती चालतो ते लिही. धाप लागली तर भिंतीला टेकून थांबू दे, घड्याळ चालू राहू दे. बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रात आकडा 88 च्या खाली गेला तर तिथेच थांबव आणि फिजिओथेरपिस्टला सांग. यंत्र लावताना बोट गार नको, नखाला मेंदी किंवा रंग नको, नाहीतर आकडा फसवतो. दोन महिन्यांत 30 मीटर जरी वाढले तरी त्याला स्वतःला फरक कळेल, मळ्याच्या बांधापर्यंत जाता येईल.

श्वास सोडायची रीत त्याला चटकन समजेल. समईची ज्योत विझू न देता नुसती हलवायची, एवढ्या हलक्या फुंकरीने, ओठ चिमटून, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायचा. अरुंद नळ्या घाईने सोडताना मिटतात आणि जुनी हवा आत कोंडते. त्या फुंकरीने त्या थोडा वेळ उघड्या राहतात. जोर लागणारं काम श्वास सोडताना करायचं. बादली उचलतानासुद्धा. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल दे, पाठ तू किंवा नातवाने चोळावी, आणि अंग पुसायला उभं न राहता मोठा पंचा गुंडाळून पाच मिनिटं बसू दे. दोन्ही हात वर करून डोकं पुसणं हे त्याला सर्वांत जड जाणारं काम आहे. बघ, तुझी फोनवरची तक्रार इथेच निम्मी सुटेल.

वजन दर पंधरा दिवसांनी लिही. या आजारात श्वास घेण्यातच ताकद खर्ची पडते, आणि वजन उतरू लागलं की तब्येतही उतरणीला लागते. ताट भरून वाढू नकोस. भरलेलं पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं. पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी डाळ, अंडं, दूध, शेंगदाण्याचा कूट यातलं काहीतरी. दही, केळं, ताक सरसकट बंद करायचं कारण नाही. त्याला स्वतःला एखाद्याचा त्रास होतो असं दिसलं तर तेवढं टाळ.

ऑक्सिजनबद्दल नीट ऐक. डॉक्टरांनी रोज 15 तास सांगितला असेल तर 15 तासच, दोन तास लावून मशीन दमेल म्हणून बंद करायचं नाही. कमी तासांनी तो फायदा मिळत नाही. आणि धाप वाढली म्हणून बटण मनाने वर न्यायचं नाही. सीओपीडीच्या काही माणसांना जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगतो आणि सगळ्यांना वाटतं शांत झोपला. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर अभ्यास झाला. सरसकट जोराचा ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा 88 ते 92 च्या मध्ये मोजून दिलेल्यांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून एका कार्डावर लिही, 'सीओपीडी, ऑक्सिजन 88 ते 92', आणि ते त्याच्या खिशात ठेव. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेतल्या मुलाला सांगायला तुला काही सुचेलच असं नाही, कार्ड त्याला वाचता येतं. देवघर त्या खोलीतून हलव. नळी नाकात असताना निरांजन, उदबत्ती, गॅस, विडी, काहीही नको. भाजलेले चेहरे मी पाहिलेत.

धुराचं तेवढंच सांगते की डासांची कॉइल आजपासून बंद. एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण सोडते, असं मोजलेलं आहे. मच्छरदाणी लाव. मिरचीची फोडणी तो मागच्या अंगणात असताना दे. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

वहीचं शेवटचं पान डॉक्टरांकडून लिहून घे. दुखणं उफाळलं तर काय करायचं. बेडका पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, प्रमाण वाढलं, धाप नेहमीपेक्षा वाढली, तर कुठली औषधं सुरू करायची, किती दिवस, कुणाला फोन करायचा. स्टिरॉइडच्या गोळ्या अशा वेळी बहुधा 5 दिवसच लागतात. उरलेली पट्टी पुढच्या वेळी मनाने घ्यायची नाही. आणि बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर झाले, किंवा भर दिवसा गुंगी आली, तर पान वाचत बसू नकोस, गाडी काढ. 108 ला फोन कर.

पैशांची चिंता मला तुझ्या आवाजात ऐकू आली. मोठ्या शहरात धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात आधी जा. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका फाइलमध्येच ठेव. बिल झाल्यावर नाही, दाखल होतानाच बोल.

एक अवघड गोष्ट राहिली. दादा रात्री तुला हाक मारत नाही, उशी छातीशी धरून बसून राहतो, हे तू सांगितलंस. त्याला गुदमरून जाण्याची भीती आहे, आणि तो ती बोलणार नाही. भीतीने श्वास उथळ होतो, उथळ श्वासाने भीती वाढते. उशाशी एक छोटा हातातला पंखा ठेव, चेहऱ्यावर, नाका-गालांवर वारा घ्यायचा. साधी गोष्ट आहे, पण चेहऱ्यावरच्या थंड वाऱ्याने धाप कमी जाणवते, मी कितीतरी रात्री वापरली आहे. मनाच्या डॉक्टरांकडे नेणं म्हणजे वेडा ठरवणं नाही, हे त्याला मी सांगेन. आणि पुढे कधी मशीनवर ठेवायची वेळ आली तर त्याची इच्छा काय, हेही तो बरा असताना विचारायला हवं. ते तू विचारू नकोस. तो मोठा भाऊ आहे माझा, ते मी विचारीन.

तू स्वतः रात्रीची किती झोपतेस ते लिहिलं नाहीस. आठवड्यातले तीन दिवस पंप आणि व्यायाम तुझ्या नवऱ्याने बघायचा. हे पत्र त्याला वाचायला दे. रविवारची ओसरी नातवाकडे, त्याला स्टॉपवॉच आवडेल.

मी गुरुवारी सकाळच्या एसटीने येते. वही आणून ठेव, वर दादाचं नाव घाल. पिशवीही भरून ठेव, थेंबांसकट. आणि दादाला सांग, चहाच्या आधी दोन्ही पंप माझ्यासमोर घेऊन दाखवायचे आहेत.

तुझी,
आत्या